आचाऱ्याचं अळणी ताट

"मालन, आमटीत मीठ न्हाई."

मी अजून ताटसुद्धा वाढलं नव्हतं. आमटी चुलीवर होती, मी स्वयंपाकघरात, आणि मामंजी बाहेर सोप्यात कॉटवर उशांना टेकून बसलेले. मधे जाडजूड भिंत. तरी बाहेरून आवाज आलाच.

"घातलंच न्हाई," मी आतूनच म्हणाले. "डॉक्टर काय म्हणालं ते तुमच्यासमोरच म्हणालं की."

"ते कळलं. वाफ मुकी हाय, एवढंच सांगितलं."

मामंजी म्हणजे माझे सासरे, हिंदुराव आचारी. आमच्या भागात लग्न असो, जत्रा असो, कुणाचं तेरावं असो, चुलांगण खणलं की त्यावर हिंदुराव हवेतच. त्यांचा एक नेम होता. नैवेद्य दाखवल्याखेरीज रांधलेल्यातला कण जिभेवर ठेवायचा नाही. अख्ख्या गावाच्या आमटीला मीठ किती, हे ते वाफेवरून ठरवायचे. काहिलीवर तोंड न्यायचं, डोळे मिटायचे, मग पोत्यात हात घालून खडं मीठ उचलायचं आणि सोडून द्यायचं. कुणी म्हणालं, अहो जरा चाखून तरी बघा, की हसायचे. "चाखून रांधतो त्यो आचारी नव्हं, खादाड." मिठाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. एखाद्या पंगतीत कुणी म्हणालं, भाजी खारट झाली, तर लोक त्याच्याच जिभेला नावं ठेवायचे.

त्या माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं.

झालं असं की, त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्या पायांत चप्पल शिरेना. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "यांचं हृदय थकलंय. रक्त पुढं ढकलायची ताकद कमी झालीय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. ते पाणी आधी पायांत उतरतं, मग छातीत भरतं. मी पाणी काढायची गोळी देतो. पण तुम्ही मीठ घालत राहिलात तर माझी गोळी काय करणार? लोणचं, पापड, खारं काही नाही. स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंदच."

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "मालन बघंल," ते म्हणाले. झालं. एका वाक्यात एका माणसाचा जीव माझ्या पळीवर येऊन बसला.

पहिले काही दिवस ताट जसं जाई तसं परत येई. आमच्याकडं पिंडाचा भात तेवढा अळणी असतो. "जित्तेपणी पिंड वाढतीस व्हय गं?" असं म्हणून मामंजी भिंतीकडं तोंड करायचे. आत्याबाई डोळ्याला पदर लावायच्या. शेजारणी येऊन ताटात डोकावून जायच्या आणि बाहेर जाऊन तिखटमीठ लावून सांगायच्या, की आचाऱ्याच्या सुनेनं सासऱ्याच्या तोंडचं मीठ काढून घेतलं. आमच्या घरात मीठ नव्हतं म्हणून ते बाहेरून लागत होतं, दुसरं काय.

पण मामंजी जातिवंत आचारी. फसलेला पदार्थ समोर आला की त्यांना गप्प बसवत नसे. एक दिवस ताट परत न पाठवता त्यांनी मला हाक मारली.

"बस हितं. मीठ न्हाई म्हंजे तू नुसतंच न्हाई घालत. त्याची जागा रिकामी ठेवतीस. रिकामी जागा जिभंला घावती."

"मग काय घालू?"

"लसूण आदी करपू दे जरा. लिंबू उतरल्यावर पीळ, चुलीवर न्हाई. भाजल्यालं जिरं कूट. वांग्यात तिळाचं कूट घाल, आन दोडक्याच्या शिरा भाजून घाल. जीभ गडबडीत ऱ्हायली पायजे. मीठ कुठं गेलं ते बगायला तिला सवड द्यायची न्हाई."

असं ते मला शिकवू लागले. पोटच्या पोरांना जे सांगितलं नाही ते कॉटवर बसून मला सांगितलं. मीही इरेला पेटले. हळूहळू ताट रिकामं येऊ लागलं. पायांची सूज उतरली. रोज सकाळी मी त्यांना शेजारच्या पिठाच्या गिरणीत नेऊन धान्याच्या काट्यावर उभं करायची, कारण वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी भरलं समजायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "घ्या, आलं पोतं," म्हणून मामंजी स्वतःच हसायचे. उन्हाळ्यात ते मारुतीच्या पारापर्यंत चालत जाऊन येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अजून बरीच वर्षं काढतील. त्या दिवशी मला माझ्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग श्रावणात पंचमीला रत्ना वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. इचलकरंजीला दिलेली. बापावर जीव, पण संसाराच्या रगाड्यात वर्षभर येणं झालं नव्हतं. उंबऱ्यातच त्यांनी बापाला पाहिलं आणि पिशवी खाली टाकून गळा काढला.

"आबा! ह्ये काय झालं तुमचं! निम्मं बी ऱ्हायला न्हाईसा!"

निम्मं राहिले नव्हते ते बरंच होतं. जे गेलं होतं ते पाणी होतं. पण हे रडणाऱ्या लेकीला कोण सांगणार?

दुपारी वन्सं बापाशेजारी जेवायला बसल्या आणि त्यांनी बापाच्या ताटातला घास तोंडात घातला. तोंड कडू झाल्यासारखं करून त्या माझ्याकडं वळल्या.

"वैनी, ह्ये तू रोज घालतीस माज्या बाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, वन्सं. मीठ त्यांना विष हाय."

"आगं, मग सैंधव घालायचं! तेवढी बी अक्कल न्हाई?"

"सैंधव म्हंजे मीठच की."

"मीठ?" त्या हसल्या. "मग उपासाला कसं चालतंय? मीठ उपासाला चालत न्हाई, सैंधव चालतंय. म्हंजे ते मीठ न्हाई. ल्हान पोराला बी कळतंय."

आणि पिशवीतून त्यांनी गुलाबी सैंधवाचा मोठा डबा काढला. श्रावणातले सोमवार, शनिवार त्या करायच्या, त्यामुळं डबा बरोबरच असायचा. आत्याबाईंचा चेहरा उजळला. माझा नवराही म्हणाला, "आयला, ह्ये आपल्याला कसं सुचलं न्हाई?" एवढं सोपं उत्तर सापडल्यावर कोण सोडतंय?

त्या दिवसापासून मामंजींचं ताट वन्संकडं गेलं. सैंधव मीठ नाहीच म्हटल्यावर ते घालायला हात कशाला आखडायचा? आमटीत सैंधव, भाजीत सैंधव, ताकात सैंधव आणि वर चिमूटभर पानात डावीकडं. उपासाच्या दिवशी खिचडी. मामंजी सगळं जेवत. बोटं चाटत. तोंडावर तजेला आला. "बगा," आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "लेक आली आन माणूस जेवाय लागला." ज्यांनी वर्षभर मला नावं ठेवली, त्या कौतुकानं माना डोलवत. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं दूरच्या लेकीचं चार दिवसांचं रांधणं साजरं असतं.

मी एकदा तो डबा उतरंडीमागं लपवून ठेवला. वन्संनी शोधून काढला आणि घर डोक्यावर घेतलं.

"माज्या माहेरात माज्यापास्नं वस्तू दडवून ठेवती ही!"

"वन्सं, पाय बघा त्यांचं. परत सूज चढाय लागलीया."

"सूज न्हाई ती. अंग धरलंय. खाल्ल्यावर अंग धरतंच."

मी दुधाच्या गाडीत बसून तालुक्याला गेले आणि डॉक्टरांना विचारून आले. ते माझ्यावरच ओरडले. "समुद्रातलं असो नाहीतर डोंगरातलं असो, मीठ ते मीठ! ताबडतोब बंद करा आणि त्यांना घेऊन या." घरी येऊन मी सगळ्यांसमोर ते जसंच्या तसं सांगितलं. वन्सं खिचडीसाठी दाणे कुटत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"डाक्टरला उपासातलं काय कळतंय? त्यानं केलाय का कवा सोमवार?"

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "चार दिवसांची पाहुणी हाय. ती गेली की पुन्हा तुझं तू चालू कर. पोळ्यानंतर दाखवू डॉक्टरला." मी म्हणाले, पाणी तुमच्या पोळ्याची वाट बघणार हाय का? तर ते चिडून बाहेर निघून गेले. मी मामंजींचं वेगळं ताट करून नेलं. त्यांनी एकदा त्या ताटाकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि माझं ताट बोटानं हळूच बाजूला सारलं. वर्षभराचं सगळं शिकणं-शिकवणं त्या एका बोटानं बाजूला सारलं त्यांनी. मला इतका राग आला की मी ते ताट तसंच म्हशीच्या घमेल्यात ओतलं.

गिरणीतल्या काट्यावर ते आता येत नव्हते. "दम लागतोय, उद्या बगू," म्हणायचे. यायची गरजही नव्हती. नडगीवर अंगठा दाबला की काय ते कळत होतं.

एका सकाळी वन्सं आणि आत्याबाई महादेवाला गेल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यात गेले. वन्संनी जाताना न्याहारीला खिचडी ठेवली होती. मामंजी वाटी छातीशी धरून बसले होते. डोळे मिटून, नाक वाटीवर. चुलांगणावर बसत तसे.

"लई झालंय," ते डोळे न उघडताच म्हणाले. "पोरगी मूठभर टाकती."

मी जागच्या जागी थांबले. "म्हंजे? तुम्हाला कळतंय?"

"मला कळणार न्हाई तर कुणाला कळंल? सैंधवाचा वास जरा येगळा, मातीच्या अंगाचा. पन बूड एकच. मीठ ते मीठच, मालन. पयल्या दिवशीच कळलं. दुसऱ्या दिवशी पायानं बी सांगितलं."

मी कॉटजवळ गेले. "आन तरी तुम्ही खाताय? मी तिकडं सगळ्यांशी भांडतीया, डॉक्टरच्या शिव्या खाऊन येतीया, आन तुम्हाला ठावं हाय?"

त्यांनी एक उशी पाठीशी ओढली. बोलायला श्वासही पुरत नव्हता. मग थांबत थांबत म्हणाले, "रत्नीच्या लग्नात मी कुठं हुतो, सांगितलंय का तुला कुणी?"

सांगितलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक दुसऱ्या आचाऱ्याच्या हातचा नको, म्हणून ते स्वतःच चुलांगणावर बसले होते.

"अक्षता पडल्या तवा मी बुंदी पाडत हुतो. झारा सोडला तर घाणा करपल. वाजंत्री वाजली ती ऐकली नुसती. पाठवणीला ती माझी वाट बगत थांबली, आन मी पंगतीला आमटी सोडत हुतो. जाताना म्हणाली, आबा, तुमाला माज्यापरीस काहिली मोठी." त्यांनी वाटीत चमचा फिरवला. "तिनं कवा मला रांधून घातलं न्हाई. मीच घालू दिलं न्हाई. आज घालतीया. मी पाठ फिरवू?"

"मग तिला सांगा, सैंधव नगं घालू. कमी मिठाचं रांध. मी शिकवते तिला."

"आता सांगितलं तर तिला कळंल, ह्ये इतके दिस तिनं काय घातलं ते." ते घाबरल्यासारखे माझ्याकडं बघू लागले. पंचक्रोशीत कुणाला न भिणारा माणूस. "मालन, तिला कळता कामा न्हाई. आता न्हाई आन माझ्या माघारी बी न्हाई. लेकीनं हातानं बाला... असं तिच्या डोस्क्यात बसलं तर ती जगायची न्हाई. सांगणार न्हाईस म्हण."

"आन उद्या काय झालं तर लोक बोट कुणाकडं दाखवतील?"

त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"माझ्याकडंच ना?"

"तू सून हाईस," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "सुनंला लोक बोलतच असत्यात. तुला सवं हाय. तिला सोसायचं न्हाई. म्हण, मालन. सांगणार न्हाई म्हण."

तो शब्द मी दिला नाही. मला त्यांच्या तोंडावर तो तांब्या ओतावा असं वाटलं. ज्या हातानं वर्षभर जगवलं त्या हाताची किंमत ही, की त्याला सवय आहे! मी तांब्या कॉटखाली ठेवला आणि आत निघून गेले. मागून त्यांनी पुन्हा हाक मारली. मी ओ दिली नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच दुपारी त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली. ओठ काळे पडले. जीप येईपर्यंत ते उशांना टेकून हवा ओढत होते. वन्सं पाय चोळत होत्या, आत्याबाई देवाचं नाव घेत होत्या, नवरा रस्त्यावर जीपकडं डोळे लावून उभा. मामंजी त्या सगळ्यांमधून माझ्याकडं बघत होते. काय पाहिजे होतं ते मला कळत होतं. जीप दारात आली आणि त्यांना उचलता उचलताच सगळं संपलं.

सुतकाचे दिवस कसे गेले ते विचारू नका. येईल तो माणूस सोप्यात बसायचा आणि एकच विषय काढायचा. वर्षभर मिठाचा कण नाही पोटात, मग रक्तात ताकद कुठून राहणार? लेक आली तेव्हा जरा तरतरी आली होती हो, पण उशीर झाला होता. कुणी माझ्यासमोर बोलायचं, कुणी मी आत गेल्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते मी आजवर म्हणीतच ऐकलं होतं. नवऱ्याला मी एकदा म्हणाले, तुम्ही तरी सांगा, डॉक्टर काय म्हणाले होते ते. ते म्हणाले, "आता कशाला? गेलेला माणूस येणार हाय का परत?" आणि मिठाची गुळणी धरून बसले.

पण माझ्याकडं एक वाक्य होतं. 'मामंजींनी स्वतः मला सांगितलं, सैंधव म्हणजे मीठच.' बस्स, एवढंच. डॉक्टरला कुणी विचारलं नसतं, पण मिठाच्या बाबतीत हिंदुराव आचाऱ्याचा शब्द खाली पडू देईल असा माणूस आमच्या भागात नव्हता. ते वाक्य मी दहाव्यासाठी ठेवलं होतं. सगळे भावकीतले, पाहुणे, गावकरी नदीवर जमणार होते. तिथं सगळ्यांच्या देखत बोलायचं आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलंच होतं.

दहाव्याला नदीला पाणी होतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, म्हणून पिंड वरच्या पायरीवर ठेवला. शेजारी त्यांच्या आवडीच्या वस्तू मांडल्या. शिरा, कांद्याची भजी, तंबाखूची पुडी. वन्संनी डबा उघडून खिचडी ठेवली. "आबा, तुमच्या लेकीच्या हातची," म्हणाल्या आणि हुंदके देऊ लागल्या. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका दुसऱ्या बाजूला. समोर उंबरावर कावळे बसलेले.

एकही खाली येईना.

नवऱ्यानं हात जोडले. "आबा, आईला काय कमी पडू देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. आत्याबाईंनी हात जोडले. वन्सं हात जोडून बसल्या, "आबा, मी दर पंचमीला येईन." एक कावळा उतरला, खिचडीभोवती उड्या मारल्या, आणि परत झाडावर जाऊन बसला. ऊन वर आलं. गुरुजींना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं. ते म्हणाले, "फार वेळ झाला. दर्भाचा कावळा करून लावू का?"

"न्हाई!" वन्सं ओरडल्या. "माझा बा अतृप्त जायाचा न्हाई!"

तेव्हा मामंजींचे चुलतभाऊ, तात्या, उठून उभे राहिले. भावकीत त्यांचं वय मोठं. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं.

"मालन, तू हो फुडं. माणसाचा जीव मिठावर ऱ्हायलाय, ह्ये का आमाला कळत न्हाई? वरीसभर अळणी घातलंस. जाणून न्हाई घातलंस, आमी म्हणत न्हाई तसं. पर हात जोड आन म्हण, मामा, माझं चुकलं."

सगळा घाट माझ्याकडं बघत होता. नवरासुद्धा. त्यानं मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही.

मी पुढं झाले. बरं झालं, मी मनात म्हटलं, तुम्हीच बोलायला उभं केलंत. वाक्य जिभेवर तयार होतं. समोर वन्सं बसल्या होत्या, नाक लाल झालेलं, मांडीवर रिकामा डबा. त्या माझ्याकडं आशेनं बघत होत्या, माझ्या माफीनं बापाची सुटका होईल म्हणून. मी तोंड उघडलं आणि माझी नजर पिंडाकडं गेली.

पांढरा, अळणी भात. असाच मी वर्षभर त्यांच्यापुढं ठेवला होता. त्या माणसानं भिंतीकडं तोंड केलं, रुसला, मग जेवला, मला शिकवलं, आणि शेवटी एकच गोष्ट मागितली. ती मागणी अन्यायाची होती. मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. पण मागितली होती माझ्याकडंच, दुसऱ्या कुणाकडं नाही. आणि ती मी वाढली नव्हती.

मी गुडघे टेकले, हात जोडले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मामा, वन्संना कळणार न्हाई. माझ्याकडनं कवाच न्हाई."

मी उठून उभीही राहिले नव्हते. डोक्यावरून पंखांचा वारा गेला आणि कावळा पिंडावर बसला. भाताचा घास उचलून वर गेला, त्याच्यामागं दुसरा उतरला, तिसरा उतरला.

"शिवला! शिवला!" सगळा घाट गलबलला.

"बगितलंसा?" तात्या सगळ्यांना सांगत होते. "सुनंनं चूक कबूल केली, आन माणूस सुटला."

वन्सं धावत आल्या आणि मला मिठी मारून रडल्या. "जाऊ दे, वैनी," त्या म्हणाल्या. "झालं गेलं. मी मनात काय ठेवणार न्हाई. मी तुला माफ केलं."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

कावळ्याचं मी नंतर पुष्कळ मनाशी बोलून बघितलं. इतका वेळ माणसांच्या गर्दीला भ्यालेला असेल, मी वाकले तेव्हा सगळे शांत झाले म्हणून आला असेल. भूक लागली असेल. असं सगळं मी स्वतःला समजावते आणि ते मला पटत नाही. तो माणूस सुनेच्या एका शब्दासाठी झाडावर अडून बसला होता, आणि तो शब्दही सुनेसाठी नव्हता, लेकीसाठी होता. हे मात्र पटतं.

गावात माझं नाव पडलं ते पडलंच. माझी सून घरात आली तेव्हा तिला माहेरी कुणीतरी आधीच सांगितलं होतं, सासूनं तिच्या सासऱ्याला अळणी घालून मारलंय, जपून राहा. आमच्या भागात डॉक्टरांनी कुणाला मीठ बंद सांगितलं की बायका अजून म्हणतात, आचाऱ्याच्या सुनेसारखं नको बाई, आणि सैंधवाचा डबा आणतात. त्यातले किती गेले, मी मोजायला गेले नाही. मला दिसतं आणि मी गप्प बसते. तोंड उघडलं तर कुणाच्या कानावरून कुठं जाईल सांगता येत नाही, आणि वन्सं दर पंचमीला येत होत्या. मामंजींच्या फोटोपुढं खिचडीची वाटी ठेवायच्या. म्हणायच्या, "शेवटचे दिस तरी माझ्या हातचं पोटभर जेवलं. तेवढंच समाधान."

मी म्हणायची, "व्हय वन्सं."

गेल्या महिन्यात वन्सं गेल्या. झोपेत गेल्या, त्रास काही नाही. म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. दहाव्याला मी इचलकरंजीला गेले होते. पिंड ठेवला आणि कुणी हात जोडायच्या आतच कावळा शिवला. त्यांच्या मुलानं डोळे पुसले. "आईचं कशात काही राहिलं नव्हतं, मामी," तो मला म्हणाला.

मी म्हणाले, "न्हाई रे बाबा. काय राहणार होतं त्यांचं?"